खोक्यात भरलेला ट्रक घेऊ नका

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. माझं वय ४६. गाड्यांची आवड लहानपणापासून. स्वतःच्या कारचं ऑइल बदलणं, ब्रेक पॅड, कूलंट ही कामं मी घरीच करते. गेली काही वर्षं जुन्या लष्करी ट्रकांनी पछाडलंय आणि आता दोन ट्रक खरोखर समोर आले आहेत. एक १९४३चा जीएमसी सीसीकेडब्ल्यू, दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी ट्रक. इंजिन उतरवलेलं, निम्मे भाग खोक्यांत, मालक म्हणतो, "सगळं आहे, फक्त जोडायचं." दुसरा एम३५ए२, त्यानंतरच्या काळातला अमेरिकी लष्करी ट्रक. चालू आहे, पण रंग उडालेला आणि ताडपत्री फाटलेली. जीव जीएमसीवर जडलाय. चासीपर्यंत सुटा करून कारखान्यातून निघाला तसा उभा करायचा, असं मनात आहे. माझा दादा म्हणतो की हे मला झेपणार नाही, ना दुरुस्ती, ना ते स्टिअरिंग. तुमचं मत काय? घेतला तर सुरुवात कुठून करू?
– ट्रकवेडी

ताई, नमस्कार.

आधी निकाल सांगतो, कारणं मग. एम३५ए२ घ्या. जीएमसीचा मोह आत्ता आवरा. आणि यातला कुठलाही घेतलात तरी चासीपर्यंत सुटा करायचा बेत सोडून द्या. दादांच्या म्हणण्यातला दुरुस्तीचा भाग निम्मा खरा आहे. स्टिअरिंगचा भाग मुळीच खरा नाही.

जीएमसीवर जीव का जडतो हे मला समजतं. दुसऱ्या महायुद्धात हे ट्रक साडेपाच लाखांहून जास्त बनले. नॉर्मंडीनंतर सैन्य इतक्या वेगाने पुढे सरकलं की रसद मागे पडायला लागली, तेव्हा २५ ऑगस्ट १९४४ला 'रेड बॉल एक्सप्रेस' ही ट्रकांनी रसद पोचवणारी सेवा सुरू झाली आणि १६ नोव्हेंबरपर्यंत रात्रंदिवस चालली. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश ड्रायव्हर कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिक होते. वेग वाढावा म्हणून त्यांनी कार्ब्युरेटरवरचे वेग रोखणारे गव्हर्नर निकामी केले होते, ही गोष्ट त्या ट्रकच्या चाहत्यांना पाठ असते. हे सगळं डोक्यात असलं की गंजलेला बॉनेटसुद्धा देखणा दिसतो. पण तुम्हाला जो ट्रक दाखवलाय त्याला ट्रक म्हणणंच कठीण आहे. ते सुटे भाग आहेत, आणि सुट्या भागांच्या ढिगात काय नाही हे कुणालाच सांगता येत नाही, विकणाऱ्यालाही नाही. "फक्त जोडायचं" या वाक्यावर विसंबून या छंदातली कितीतरी माणसं कायमची बाहेर पडली आहेत. ज्याने खोललं त्याला कुठला बोल्ट कुठे बसतो, कुठली शिम (फट भरणारी पातळ चकती) कुठल्या बाजूला होती, हे ठाऊक होतं. ते ज्ञान खोक्यात भरलेलं नसतं. त्यात इंजिन उतरवलेलं, म्हणजे ते का उतरवलं हा प्रश्न पहिला. ब्लॉकला तडा असेल तर त्याची चिन्हं दिसण्यासाठी इंजिन चालू तरी असायला हवं.

आणि समजा सगळे भाग आहेत. तरीही चासीपर्यंत खोलण्याच्या मी विरोधात आहे, निदान पहिल्या ट्रकसाठी. खोलताना रोज काहीतरी हाती लागतं, उत्साह असतो, घरचे बघायला येतात. मग रंगाचं काम येतं, मग एखादा भाग महिनोन्‌महिने मिळत नाही, मग पावसाळा, मग कुणाचं आजारपण, आणि ट्रक भिंतीला टेकून उभा राहतो तो राहतोच. या काळात तुम्ही ट्रकबद्दल काही शिकत नाही, कारण तो चालत नाही. उतारावर तो कसा वागतो, कुठल्या वेगाला कुठला आवाज येतो, कुठलं सील तापल्यावर गळतं, हे चालवल्याशिवाय कळायचं नाही. उभ्या ट्रकची तब्येत चालत्या ट्रकपेक्षा लवकर बिघडते हेही आहेच. सील कोरडी पडतात, व्हील सिलिंडर आतून गंजतात, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते, टाकीतलं पेट्रोल गोंद होतं.

म्हणून पद्धत अशी ठेवा: एका वेळी एकच काम हातात घ्यायचं, आणि एक काम संपून ट्रक रस्त्यावर फिरून आल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आधी ब्रेक. ते झाले की चालवा. मग चाकं आणि स्टिअरिंगचे सांधे. चालवा. मग वायरिंग. रंग आणि ताडपत्री सगळ्यात शेवटी, कारण रंग उडाला म्हणून कुठलाही ट्रक कधी रस्त्याकडेला बंद पडलेला नाही. दहा वर्षांनी तुमचा ट्रक बहुधा पूर्ण नवा झालेला असेल, आणि त्या दहाही वर्षांत तुम्ही तो चालवलेला असेल.

जीएमसीच हवा असेल तर दोन-तीन वर्षांनी चालू स्थितीतला घ्या. युद्धानंतर फ्रेंच सैन्याने हे ट्रक कित्येक दशकं वापरले, त्यामुळे भागांचा साठा अजून फिरतोय. तेव्हा एक गोष्ट मात्र आधी बघा. या ट्रकला दोन प्रकारचे अ‍ॅक्सल आले, संग्राहक त्यांना 'स्प्लिट' आणि 'बँजो' म्हणतात. मधोमध उभा जोड असलेलं घर ते स्प्लिट, आणि मागून गोल झाकण असलेलं ते बँजो. दोन्हींचे भाग एकमेकांत बसत नाहीत. खोक्यातल्या ट्रकमध्ये दोन्हींची सरमिसळ झालेली असणं अगदी शक्य आहे.

आता एम३५ए२कडे. ही मालिका १९५०च्या सुमारास सुरू झाली आणि फार मोठ्या संख्येने बनली, म्हणून भाग मिळतात. ए२मध्ये सहा सिलिंडरचं ७.८ लिटरचं मल्टिफ्युएल इंजिन आहे. डिझेलशिवाय इतरही इंधनांवर चालावं अशी त्याची रचना, आणि त्यामुळे वापरलेलं तेल, तळणाचं तेल असं काहीही टाकीत ओतायचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. ऐकू नका. चांगलं डिझेल घाला आणि फिल्टर वेळेवर बदला. वीज २४ व्होल्टची. सुरू करायला किल्ली नाही. स्विच फिरवायचा आणि बटण दाबायचं, की झालं. बंद करायला वेगळी केबल ओढावी लागते. म्हणजे ज्याला ट्रकची जुजबी माहिती आहे असा कुणीही तो घेऊन जाऊ शकतो. बॅटरीला कट-ऑफ स्विच आणि स्टिअरिंगला जाड साखळी पहिल्याच आठवड्यात लावा.

या दोन्ही ट्रकांना 'अडीच टनी' म्हणतात, त्या नावाने फसू नका. अडीच टन ही कच्च्या रस्त्यावर वाहून न्यायच्या मालाची क्षमता आहे, ट्रकचं वजन नाही. रिकामा एम३५ए२ सहा टनांच्या आसपास भरतो, जीएमसी साडेचारच्या. कारचा परवाना बऱ्याच देशांत साडेतीन टनांपाशी संपतो. जुन्या वाहनांना कुठे सवलत असते, कुठे नसते. तेव्हा पैसे मोजण्याआधी परवाना, नोंदणी आणि विमा या तिन्हींची लेखी उत्तरं मिळवा. आणि ट्रक जिथे उभा करणार तिथे टेप घेऊन जाऊन स्वतः मोजा. साडेसहा मीटरहून लांब, जवळजवळ अडीच मीटर रुंद. वळायला किती जागा लागेल तीही धरा. दादांशी भांडण व्हायचं असेल तर ते आत्ता होऊ द्या, ट्रक दारात आल्यावर नको.

ब्रेकबद्दल मात्र मी थांबून बोलणार आहे, कारण जुन्या लष्करी ट्रकमध्ये माणसाला खरा धोका इथे आहे.

तुमच्या कारमध्ये ब्रेकची दोन स्वतंत्र सर्किटं असतात. एक गेलं तरी दुसरं गाडी थांबवतं. एम३५ए२मध्ये एकच आहे. जीएमसीतही एकच. एम३५मध्ये हवेच्या दाबाची मदत मिळते, पण चाकांपर्यंत जाणारा जोर ब्रेक ऑइलचाच. हवा गेली तर पेडल दगडासारखं जड होतं, तरी काहीतरी ब्रेक लागतो. ऑइल गेलं, सहा चाकांपैकी कुठल्याही एका ठिकाणचा रबरी होज फुटला, तर सहाही चाकांचे ब्रेक एका क्षणात जातात. सहा टन वजन, उतार, आणि पायाखाली पेडल जमिनीला टेकलेलं. म्हणून विकणारा कितीही म्हणो "ब्रेक मस्त आहेत", ट्रक घरी आला की सगळे रबरी होज नवे, व्हील सिलिंडर उघडून तपासलेले किंवा नवे, गंजलेल्या पाइप नव्या, मास्टर सिलिंडर आणि एअर पॅक (हवेच्या दाबाने ब्रेकचा जोर वाढवणारा भाग) जाणकाराकडून दुरुस्त केलेला. यात काटकसर नाही. काही मालक दुहेरी सर्किट बसवून घेतात. मूळ रूप बिघडतं म्हणून नाक मुरडणारे भेटतील, पण मी या बाबतीत बदल करणाऱ्यांच्या बाजूने आहे.

ऑइलचं आणखी एक. अमेरिकी सैन्याने १९८०च्या दशकात सिलिकॉनचं ब्रेक ऑइल वापरात आणलं, त्यामुळे या ट्रकांत ते असू शकतं. ते जांभळट असतं, पाणी शोषत नाही, उभ्या राहणाऱ्या गाडीला चांगलंच. पण कारमध्ये घालतो त्या साध्या ऑइलशी ते मिसळत नाही. आत काय आहे हे खात्रीने कळेपर्यंत वरून भर घालू नका. शंका असेल तर पूर्ण काढून, धुऊन, एकच जात भरा.

हॅण्डब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना वाटणाऱ्या पेटीच्या) मागे शाफ्टवर असतो. चालत्या ट्रकला थांबवायचं त्याचं काम नाही. एखादं चाक जॅकवर उचललं, शाफ्ट काढला किंवा अ‍ॅक्सल बाहेर ओढला की त्याच्या पकडीचा भरवसा संपतो. काम लहान असो की मोठं, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे आधी, पाना मग.

चाकांचं काम स्वतः करायला जाऊ नका. तुमच्या हाताला सवय आहे, तुम्ही कारचं चाक बदलता, म्हणून हे मुद्दाम सांगतो. एम३५च्या डिस्कवर, म्हणजे चाकाच्या लोखंडी भागावर, टायर एका पोलादी लॉक रिंगने अडकवलेला असतो. रिंग गंजलेली असेल, नीट बसली नसेल, तर हवा भरताना ती सुटून उडते, आणि तिच्या समोर असलेला माणूस वाचत नाही. अशा चाकात हवा लोखंडी पिंजऱ्यातच भरतात, लांब नळी लावून, बाजूला उभं राहून. जीपवर आणि डॉजच्या छोट्या ट्रकवर दोन अर्ध्यांची, बोल्टने जोडलेली डिस्क असते. तिथे धोका वेगळा आहे: हबचे नट समजून कुणी दोन अर्धे जोडणारे नट सोडले आणि आत हवा असली, तर डिस्क फुटून उघडते. ब्रिटिश ट्रकांवर हे नट लाल रंगवायची पद्धत याचसाठी होती. कुठल्याही जुन्या लष्करी चाकाला हात लावायच्या आधी व्हॉल्व्हची सुई काढून हवा पूर्ण सोडा, आणि टायर चढवायचं काम अशी चाकं रोज हाताळणाऱ्या माणसाला द्या.

नट सोडताना अजून एक लक्षात ठेवा, कारण इथे नवखी माणसं ताकद लावून स्टड तोडतात. ट्रकच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. स्टडच्या टोकावर 'एल' अक्षर कोरलेलं दिसतं, ग्रीस पुसलं की. तिथे नेहमीच्या दिशेने फिरवाल तर नट आणखी घट्ट होईल.

टायरची नक्षी बघून निर्णय घेऊ नका. लष्करी साठ्यातला टायर नवाकोरा दिसतो आणि वय तीस वर्षं असतं. बाजूच्या चार आकडी तारखेत पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीनच आकडे असतील तर तो २०००च्या आधीचा आहे, आणि मग त्याची नक्षी कितीही उभी असली तरी तो उतरवायचाच.

देखभालीची भीती वाटत असेल तर ती इथे कमी होईल. हे ट्रक कुणाला शिकवायचे हे सैन्याला ठाऊक होतं: काल भरती झालेल्या, कदाचित कधी गाडी न चालवलेल्या पोरांना. म्हणून त्यांची मॅन्युअलं इतकी सरळ आहेत. जीएमसीचं टीएम (टेक्निकल मॅन्युअल) ९-८०१, तुमच्या ट्रकसाठी टीएम ९-२३२० मालिकेतली २०९ क्रमांकाची. ट्रकच्या आधी ही मॅन्युअलं घ्या आणि वाचा. त्यांत ड्रायव्हरची कामं चार वेळांत वाटलेली आहेत: निघण्याआधी, चालताना, थांब्यावर आणि परतल्यावर. मला यातली थांब्यावरची तपासणी फार आवडते. अर्ध्या-पाऊण तासाने ट्रक कडेला घ्यायचा, खाली उतरायचं, आणि एकेका चाकाशी वाकून हबला आणि ब्रेक ड्रमला हाताची मागची बाजू लावायची. तळवा नाही, चटका बसला तर हात झटकन मागे येतो. सहाही साधारण सारखे कोमट असतील तर ठीक. पाच कोमट आणि एक भाजतंय, तर तिथे ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग जातंय. एखादं अगदी थंड असेल तर तिथला ब्रेक लागतच नाहीये. मग ट्रान्सफर केस, मग दोन्ही मागचे डिफरन्शियल. यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही, आणि पुढच्या खेपेला तुमचा हातच आठवण ठेवतो की परवा हे चाक इतकं गरम नव्हतं.

बाकीची देखभाल म्हणजे मुख्यतः ग्रीस. ग्रीस भरायची तोंडं, म्हणजे निपल, डझनांनी आहेत. शाफ्टच्या क्रॉसला, कमानींच्या पिनांना, स्टिअरिंगच्या सांध्यांना. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन मारायची. पहिल्या वेळी निम्मे निपल रंगाखाली बुजलेले सापडतील. एम३५च्या हवेच्या टाक्यांमधलं पाणी दिवसाचं काम झालं की काढून टाकायचं. गिअर ऑइल घेताना दुकानदार देईल ते घेऊ नका. हल्लीच्या जीएल-५ ऑइलमधली गंधकाची द्रव्यं जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळेच्या-ब्राँझच्या भागांना खातात. मॅन्युअलमधल्या दर्जाला जुळणारं ऑइल लिहून घेऊन जा. ट्रक बराच काळ उभा राहणार असेल तर क्लच पेडल लाकूड लावून दाबून ठेवा. आणि महिन्यातून एकदा दहा मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवण्याची सवय लावून घेऊ नका, त्याने इंजिनात पाणी साचतं, दुसरं काही होत नाही. बाहेर काढा, पूर्ण तापू द्या, तासभर चालवून आणा.

एवढी खबरदारी आणखी घ्या: जुन्या ब्रेक लायनरमध्ये, क्लच प्लेटमध्ये आणि गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडला की कॉम्प्रेसरने फुंकायचं नाही, ओल्या फडक्याने पुसून फडकं बंद पिशवीत टाकायचं, तोंडाला योग्य मास्क. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासणं टाळा. महायुद्धाच्या काळातल्या काही मीटरांवर रेडियमचा रंग असतो. तसले मीटर उघडू नका.

आता स्टिअरिंग, आणि दादा.

१९४५मध्ये ब्रिटनची राजकन्या एलिझाबेथ, पुढे राणी झाली ती, महिलांच्या सैनिकी सेवेत ड्रायव्हर आणि मेकॅनिकचं प्रशिक्षण घेत होती. त्या युद्धात हजारो बायकांनी लष्करी ट्रक चालवले, रात्री, मिणमिणत्या दिव्यांवर, पॉवर स्टिअरिंगशिवाय. पॉवर स्टिअरिंग नसलेलं चाक ताकदीने फिरवायचंच नसतं. ट्रक उभा असताना फिरवायला गेलात तर पैलवानही थकेल. ट्रक कासवाच्या गतीने का होईना हलू द्या, आणि मग फिरवा. तेच चाक एका हाताने फिरतं. म्हणून वळणाआधी जागेचा विचार करायचा, अडकल्यावर नाही. आणि अंगठे. अंगठे स्टिअरिंगच्या आत आऱ्यांमध्ये कधीच घालायचे नाहीत, रिंगवर बोटांच्या बाजूला ठेवायचे. पुढचं चाक खड्ड्यात किंवा दगडावर आपटलं की स्टिअरिंग झटक्याने उलटं फिरतं आणि आतला अंगठा मोडतो. पुढे कधी जीएमसी घेतलात आणि हॅण्डल मारून सुरू करायची वेळ आली, तर तिथेही अंगठा बोटांच्याच बाजूला.

गिअर शिकायला वेळ द्या. जुन्या ट्रकांच्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश (गिअरांचे वेग आपोआप जुळवणारी रचना) नसतो, आणि असला तरी म्हाताऱ्या गिअरबॉक्सवर दया म्हणून डबल क्लच मारावा. खालचा गिअर टाकताना: क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, अ‍ॅक्सिलरेटरला एक ठोसा देऊन इंजिनचे फेरे वाढवा, पुन्हा क्लच, आणि गिअर आत सरकवा. वेळ बरोबर साधली तर दांडी स्वतःहून आत ओढल्यासारखी जाते आणि आवाज येत नाही. चुकलं तर सगळ्या रस्त्याला ऐकू जातं. मोकळ्या मैदानावर एखाद्या जुन्या ट्रक ड्रायव्हरला शेजारी बसवून शिका. ही माणसं आनंदाने शिकवतात, त्यांच्या हातातली विद्या हल्ली कुणी मागत नाही.

उतारावर गिअर माथ्यावरच टाका, मध्यावर नाही. ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, किंवा एक खालचा. एम३५ कागदावर ताशी ९०च्या आसपास जातो. जाऊ देऊ नका. साठ-पासष्टला त्याचा जीव सुखात असतो आणि थांबायला जागा राहते. मागे गाड्यांची रांग लागली तर कडेला घेऊन वाट द्या, लोक हात हलवून जातात. पुढचा अ‍ॅक्सल कोरड्या डांबरी रस्त्यावर जोडायचा नाही. चाकं वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात, तो ताण शाफ्ट आणि गिअरमध्ये साठत जातो आणि शेवटी काहीतरी मोडतं. हवेचा दाब कमी असेल तर केबिनमध्ये भोंगा वाजत राहतो. तो थांबेपर्यंत ट्रक जागचा हलवू नका.

दिव्यांचं सांगतो, कारण ते मला फार प्रिय आहेत. मागच्या ब्लॅकआउट दिव्यांत (शत्रूला दिसू नयेत असे मंद दिवे) बारीक चिरा अशा अंतरावर कोरल्या आहेत की ताफ्यातल्या मागच्या ड्रायव्हरला योग्य अंतरावरून दोन लाल ठिपके दिसतात. फार जवळ आला तर चार दिसतात, फार मागे पडला तर एकच. डोळ्यांच्या मर्यादेवरच मोजपट्टी बनवली आहे, वरून विमानाला दिसूही नये अशी. एखाद्या रात्री ट्रक उभा करून मागे चालत जा आणि स्वतः बघा. रस्त्यावर मात्र हे दिवे पुरत नाहीत. चांगले ब्रेक लाइट, इंडिकेटर आणि मागे परावर्तक लावा. मूळ दिवे तसेच ठेवून, काढता येतील असे.

बघायला जाताना मालकाला आदल्या दिवशी फोन करून एकच विनंती करा: मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम असेल तर थंड इंजिन सुरू होताना काय करतं हे तुमच्यापासून लपवलंय, तेव्हा दुसऱ्या दिवशी परत जा. थंड असेल तर आधी ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय. मग सुरू करायला सांगा, आणि सुरुवातीचा पांढरा धूर तापल्यावर जातो का बघा. हवेचा दाब पूर्ण चढला की इंजिन बंद करून काटा किती वेगाने उतरतो ते पाहा. ब्रेक पेडल मिनिटभर दाबून ठेवा; ते हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी गळती आहे. मग पाठीवर झोपून सहाही चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा, तिथे ओला डाग दिसतो का ते बघायला. चासीच्या दोन पट्ट्या जिथे एकावर एक रिव्हेट केल्या आहेत तिथे गंजाने पट्ट्या फुगून दूर ढकलल्या गेल्या असतील, तर तो ट्रक सोडून द्या. कागदावरचा चासी नंबर पट्टीवरच्या नंबराशी जुळवा. दादांना सोबत न्या आणि टॉर्च त्यांच्या हातात द्या.